बर्फवाला अंटार्क्टिकाला जातो

“जन्मभर बर्फच बघितलात, आता एवढे पैसे मोजून आणखी बर्फ बघायला चाललात?” सौ.च्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ आमचा बर्फाचा कारखाना आहे, वडिलांनी घातलेला. मासेमारीच्या हंगामात होड्यांना लाद्या पुरवायच्या आणि जून-जुलैत बंदी असते तेव्हा कॉम्प्रेसर उघडून बसायचं, यात माझी पस्तीस वर्षं गेली. मुलगी नोकरीला लागल्यापासून मागे लागली होती, “बाबा, एकदा खरा बर्फ बघू या.” खरा म्हणजे? आमचा काय खोटा?

शेवटी फेब्रुवारीत आम्ही दोघं बाप-लेक निघालो. सौ. थंडीला नाही म्हणाली, पण पिशवीत आलेपाक, शेंगदाण्याची चटणी आणि कोकमाच्या आगळाची एक बाटली तिने कोंबलीच.

मुंबई ते ब्यूनोस आयर्स प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एकच. त्या शहरात दोन विमानतळ आहेत आणि बऱ्याचदा एकावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान धरावं लागतं. मध्ये सहा तास तरी ठेवा. आणि जहाज सुटायच्या दोन दिवस आधी उशुआयाला, म्हणजे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या बंदराला, पोचा. मुलीची बॅग वाटेत कुठेतरी राहिली ती जहाज सुटायच्या जेमतेम तीन तास आधी हातात आली. तोवर ती माझा स्वेटर घालून हिंडत होती.

दिवस १ : उशुआया

डोंगर, बंदर आणि चारी बाजूंनी ‘जगाचा शेवट’ लिहिलेल्या पाट्या. एका दुपारीत ऊन, पाऊस, गारा आणि पुन्हा ऊन. जहाजावर चढण्याआधी सेंतोया नावाचा इथला प्रसिद्ध खेकडा खाल्ला. पाय हातभर लांब, आत मांस भरपूर, चव गोडसर. आमच्या चिंबोरीची सर नाही, पण फोडायला सोपा. मुलगी म्हणाली, “बाबा, प्रत्येक गोष्टीची रत्नागिरीशी तुलना करायची नाही.” हा नियम मी पहिल्या तासातच मोडला होता.

संध्याकाळी जहाज बीगल खाडीतून बाहेर पडलं. प्रवासी शंभराच्या आसपास. हे मुद्दाम सांगतो, कारण अंटार्क्टिकात एका वेळी एका जागी शंभराहून जास्त लोक उतरवत नाहीत आणि पाचशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजांना उतरायची परवानगीच नाही. मोठं जहाज स्वस्त पडतं, पण मग किनारा काचेतूनच बघायचा.

दिवस २ आणि ३ : ड्रेक पॅसेज

ड्रेक पॅसेज म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला समुद्र. होड्या बघत वाढलेला माणूस मी, मला काय होणार, असं वाटलं होतं. पहिल्या रात्री दोनला गोळी घेतली. गोळी लाटांच्या आधी घ्यायची असते, नंतर नाही. जेवणाच्या टेबलांवर ओले टेबलक्लॉथ अंथरतात, म्हणजे ताटं घसरत नाहीत. आलेपाकाचा डबा आमच्या अख्ख्या मजल्यात फिरला.

दुसऱ्या दिवशी कपड्यांची तपासणी. तुमच्याबरोबर एखादं बी तिकडे जाऊ नये म्हणून खिसे, वेल्क्रो, बुटांचे तळवे सगळं व्हॅक्यूमने साफ करतात. माझ्या जॅकेटच्या खिशातून सुपारीचं खांड निघालं. तपासणाऱ्या मुलीने ते चिमट्यात धरून उजेडात पाहिलं आणि विचारलं, हे काय आहे? सांगायला पाच मिनिटं लागली.

मार्गिकेतल्या पडद्यावर समुद्राच्या पाण्याचं तापमान दिसायचं. सकाळी ६ अंश. दुपारी जेवून आलो तर ३, आणि रात्री २ च्या खाली. काही तासांत हवा बदलली, धुकं आलं. दक्षिणेचं गार पाणी आणि उत्तरेचं त्यामानाने उबदार पाणी जिथे भिडतं ती ही सीमा. इथून आत अंटार्क्टिकाचा समुद्र.

त्या दिवशी जहाजावरच्या समुद्रशास्त्रज्ञ बाईंचं व्याख्यान होतं. ब्रिटिश, पन्नाशीच्या, बोलताना हातात सतत एक पेन्सिल. त्यांनी पाण्याचा उभा छेद काढला. वर गार पाण्याचा थर, त्याच्याखाली आणखी गार, आणि काही शे मीटर खाली गेलं की पुन्हा उबदार, शून्याच्या वर एखाद अंश. हे खोल पाणी अंटार्क्टिकाभोवती सतत फिरत असतं, कारण या अक्षांशावर त्याला अडवायला जमीनच नाही. एका अमेरिकन गृहस्थांनी विचारलं, गरम पाणी हलकं असतं ना, मग ते वर का येत नाही?

माझा हात आपोआप वर गेला. मीठ! कारखान्यात आमची मिठाच्या पाण्याची मोठी टाकी असते. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे सोडतो आणि ते मिठाचं पाणी उणे १० ला सुद्धा पातळ राहतं. नवीन गोडं पाणी चुकून टाकीत सांडलं तर वर तरंगतं, मिठाचं खाली बसतं. बाई म्हणाल्या, अगदी बरोबर, खालचं पाणी जास्त खारट म्हणून जड, म्हणून उबदार असूनही तळाशी. त्या दिवसापासून जहाजावर मी ‘आइस मॅन’ झालो.

मग त्या मूळ गोष्टीवर आल्या. हिमनदी डोंगरावरून उतरते, समुद्रात शिरते आणि तिचं टोक तुटून न पडता तरंगत राहतं, शेकडो मीटर जाड. हा आइस शेल्फ. किनाऱ्यावर अर्धी ओढलेली होडी डोळ्यापुढे आणा, नाळ म्हणजे पुढचं टोक वाळूत रुतलेलं आणि मागचा भाग पाण्यावर हलणारा. शेल्फच्या पोटाखाली समुद्र आत शिरतो, आणि समुद्रतळावर जुन्या हिमनद्यांनी कोरलेल्या घळी जिथे आहेत तिथे ते खारट, उबदार, जड पाणी घळीतून वाहत थेट त्या नाळेपर्यंत, म्हणजे बर्फ जमिनीवर टेकतो तिथपर्यंत, पोचतं.

“एक अंश म्हणजे उबदार?” मागून कोणीतरी हसलं. बाईंनी पेन्सिल ठेवली. समुद्राचं पाणी गोठतं ते उणे १.९ ला. म्हणजे एक अंशाचं पाणी गोठणबिंदूच्या तीन अंश वर. शिवाय दाब वाढला की बर्फ आणखी कमी तापमानाला वितळतो, हजार मीटर खोलीवर साधारण उणे २.६ ला. बर्फ जितका खोल तितकं तेच पाणी त्याला जास्त जाळतं. वितळलेलं पाणी गोडं, हलकं, ते बर्फाच्या पोटाला घासत वर चढतं आणि त्याची जागा घ्यायला मागून नवं उबदार पाणी ओढलं जातं. एकदा सुरू झालं की हा पंप आपणच चालतो.

मला हे ऐकताना आमची दुसरी टाकी आठवत होती. गोठलेली लादी डब्यातून अशी निघत नाही. क्रेनने डबे उचलून साध्या पाण्यात बुडवायचे. कढत पाणी कधीच लागत नाही, विहिरीचं पाणी पुरतं. मिनिट-दोन मिनिटांत पत्र्याला चिकटलेला बर्फाचा पापुद्रा सुटतो, डबा आडवा केला की दीडशे किलोची लादी सरकन बाहेर. वरून बघाल तर लादीला काही झालेलं नसतं. कोरडी, पांढरी, जशीच्या तशी.

दिवस ४ : ब्राउन ब्लफ

पहाटे पडदा सरकवला आणि समोर भिंत. भिंत म्हणजे हिमनग, पण चित्रातल्यासारखा टोकदार नाही. माथा सपाट, कडा सुरीने कापल्यासारख्या, लांबी आमच्या भाट्ये पुलाहून जास्त असावी. असे सपाट हिमनग आइस शेल्फचे तुकडे असतात आणि वेडेल समुद्रातून वाहत या अंटार्क्टिक साउंड नावाच्या सामुद्रधुनीत येतात. पाण्यावर तीस मीटर उंची दिसत होती. पाण्याखाली दोनशेहून अधिक. मी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, जाऊन उभा राहिलो (आमच्या जहाजावर प्रवाशांना ब्रिज खुला होता, विचारून घ्या, तिथे कॉफीही चांगली मिळते). रडारवर असे अठरा ठिपके मोजले.

ब्राउन ब्लफला प्रत्यक्ष खंडावर पाय ठेवला. तांबूस-तपकिरी कडा आणि खाली अॅडेली पेंग्विन. फेब्रुवारीत पिल्लं मोठी झालेली असतात, अंगावर अर्धे पिसांचे पुंजके, अर्धे नवे पंख, एकूण अवतार कटिंग अर्धवट सोडून दुकानातून पळालेल्या पोरांसारखा. वास म्हणाल तर दोन दिवस न विकलेल्या बांगड्याचा. मुलीने नाक धरलं, मला घरी आल्यासारखं वाटलं.

नियम कडक आहेत. पेंग्विनपासून पाच मीटर, खाणं न्यायचं नाही, आणि हल्ली पक्ष्यांच्या तापामुळे जमिनीवर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅगही खाली ठेवायची नाही. म्हणून कॅमेऱ्याला गळ्यात पट्टा हवाच.

दिवस ५ : प्रिन्स गुस्ताव खाडी

हा दिवस ठरलेला नव्हता. ही खाडी बऱ्याचदा बर्फाने बंद असते. रात्री मोहीमप्रमुखाने सांगितलं होतं की वारा फिरला तर बघू. पहाटे पाचला घोषणा झाली, वारा फिरला आहे, उठा.

एका बाजूला मुख्य भूमी, दुसऱ्या बाजूला जेम्स रॉस बेट, मध्ये काळं, शांत पाणी. पाण्यावर तेलासारखी साय, नवा बर्फ धरायला लागलेला. दोन तास गेल्यावर बाई ब्रिजवर आल्या आणि जुन्या नकाशाचा कागद चार्टच्या शेजारी ठेवला. चार्टवर आमचं जहाज निळ्यात होतं. जुन्या कागदावर ती जागा पांढरी. इथे १९९५ पर्यंत आइस शेल्फ होता, या बेटाला खंडाशी जोडणारा. म्हणजे आमची कन्या बालवाडीत जात होती तेव्हा मी उभा होतो तिथून चालत पलीकडे जाता आलं असतं.

मी खाली पाण्यात बघितलं. काही दिसण्यासारखं नव्हतंच. एक सील झोपलेला, एवढंच.

त्याच वर्षी दक्षिणेला लार्सन-ए नावाचा शेल्फ फुटला. मग २००२ मध्ये लार्सन-बी. साधारण ३२५० चौरस किलोमीटर, म्हणजे पाच मुंबया मावतील एवढा आणि दोनशेहून जास्त मीटर जाड शेल्फ महिनाभरात तुकडे तुकडे होऊन वाहून गेला. लार्सन हे नाव नॉर्वेच्या कप्तान कार्ल अँटन लार्सनचं, तो १८९३ मध्ये या कडेने गेला होता. पुढे १९०३ मध्ये त्याचं ‘अंटार्क्टिक’ जहाज इथल्या बर्फाने चिरडून बुडालं. आदल्या दिवशी ज्या साउंडमधून आलो त्याला त्याच जहाजाचं नाव आहे.

मला वाटलं, आता बाई म्हणणार, हे सगळं खालून वितळून झालं. पण नाही. लार्सन-बीला मुख्यतः वरच्या उबदार हवेने मारलं. पृष्ठभागावर पाण्याची तळी साचली, ते पाणी भेगांत उतरलं आणि पाचरीसारखं शेल्फ फोडत गेलं. खालच्या पाण्यानेही बर्फ पातळ केला असावा, पण इथला मुख्य आरोपी वरचा. बाईंचं हे मला आवडलं. आपल्या विषयाचा दोष नाही तिथे त्या ओढून आणत नव्हत्या.

एका जर्मन आजोबांनी विचारलं, तरंगणारा बर्फ वितळला तर समुद्र चढतो कसा? पेल्यातला बर्फ वितळला म्हणून पेला सांडत नाही. खरं आहे, शेल्फ स्वतः जवळजवळ काहीच चढवत नाही. पण शेल्फ मागच्या हिमनदीला अडवून धरतो. लार्सन-बी गेल्यावर त्याच्या मागच्या हिमनद्या कित्येक पट वेगाने समुद्रात उतरायला लागल्या, आणि तो बर्फ मात्र जमिनीवरचा. आमच्या बर्फाच्या खोलीत उतारावर लाद्या रचलेल्या असतात आणि दाराशी एक फळी. ती फळी एकदा एका नव्या गड्याने मला न विचारता काढली होती. पहिल्या लादीने त्याच्या पायाचं नख नेलं, उरलेल्या रस्त्यावर गेल्या.

दिवस ६ : काहीच नाही, आणि सोलकढी

पन्नास नॉटचा वारा. उतरणं रद्द. जहाज एका बेटाच्या आडोशाला. अशा दिवसासाठी पत्त्यांचा कॅट बरोबर ठेवा.

जहाजाच्या मुदपाकखान्यात गोव्याचा एक तरुण होता. मी चटणी काढली तेव्हा लांबून बघत होता. “काका, रत्नागिरी काय?” मग विषय फिरत फिरत आगळाच्या बाटलीवर आला. डब्यातल्या नारळाच्या दुधात त्याने सोलकढी केली, लसूण-मिरची लावून. कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात फिलिपिनो खलाशांनी पेले भरभरून घेतली. एकाने त्यात बर्फ घातला, आणि मी त्याला थांबवलं.

त्याचं घर वास्कोजवळ, हेडलँड सड्याला. तिथेच आपलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र. भारताची पहिली मोहीमही गोव्यातूनच निघाली, ६ डिसेंबर १९८१ ला, आणि ९ जानेवारी १९८२ ला बर्फावर उतरली. आपलं पहिलं ठाणं, दक्षिण गंगोत्री, चक्क आइस शेल्फवर बांधलं होतं. काही वर्षांत ते बर्फात गाडलं गेलं आणि १९९० मध्ये सोडावं लागलं. नंतरची मैत्री आणि भारती दोन्ही ठाणी खडकावर आहेत. “शेल्फवर घर बांधणं म्हणजे भाड्याच्या होडीत संसार,” असं तो म्हणाला.

दिवस ७ : सिएर्वा कोव्ह

रात्रीत जहाज अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम अंगाला आलं. ऊन पडलेलं, वारा नाही, तापमान २ अंश. झोडियाक नावाच्या रबरी होडीतून हिमनगांमध्ये फिरवतात. पायांत दोन मोजे घाला आणि हातमोजे दोन जोड्या न्या, एक जोडी भिजतेच.

इथे मला हवं ते दिसलं. एक हिमनग, दुमजली घराएवढा, नुकताच उलटलेला. आजूबाजूचे पांढरे, बर्फाचा भुगा पांघरलेले, हा मात्र गडद निळसर, काचेसारखा गुळगुळीत. आणि अंगभर खळगे. तळहात बसेल असे उथळ, एकाला एक लागून, कढईच्या ठोक्यांसारखे. मध्येच एक आडवी खाच, आधी पाण्याची रेषा जिथे होती तिथली. आमचा चालक म्हणाला, हे त्याचं पोट आहे. पाणी वाहताना भोवरे करतं, भोवरे खळगे करतात, खळग्यात भोवरे आणखी घट्ट बसतात. होडी फार जवळ नेत नाहीत, तो पुन्हा उलटू शकतो. मी दुर्बिणीतून बघत राहिलो. आमच्या अर्धवट विरघळलेल्या लादीला, होडीच्या खणात पाणी साचलं की खालून असेच खळगे पडतात. वरून मासा ठेवलेला असतो, कोणाला दिसत नाही. मासे उचलले की बर्फ हातात तुटतो आणि नाखवा माझ्याशी भांडायला येतो.

चालकाने पाण्यातून एक डोकं-एवढा तुकडा उचलून दिला. हातमोजा काढून बोटाने वाजवला. आमची लादी कडेला पारदर्शक आणि मधोमध पांढरी असते, कारण गोठताना हवा आत ढकलली जाते. हा आरपार सारखा. बारीक बुडबुडे, दाबाखाली चेपलेले, वितळताना चट्‌चट् फुटत होते. कानाशी धरला तर तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज.

मग बाईंनी दोरीला बांधलेलं एक उपकरण पाण्यात सोडलं, हातभर लांब नळी, खारटपणा, तापमान आणि खोली मोजणारी. दोरी मला धरायला दिली. वर पाणी शून्याच्या वर एक अंश, उन्हाने तापलेलं. शंभर मीटरपर्यंत दोरी होती, आणि वर ओढून बघितलं तर आलेख खाली जाताना थंड थंड होत गेलेला. ते दुसरं, खालचं उबदार पाणी या दोरीच्या आवाक्याबाहेर.

बाईंनी इथे एक गोष्ट सांगितली. या द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ६७४ हिमनद्या तपासल्या तेव्हा १९४० च्या दशकापासून त्यातल्या सुमारे नव्वद टक्के मागे हटलेल्या निघाल्या. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. हवा तर सगळीकडेच तापली होती, पण मागे हटण्याचं प्रमाण हवेशी जुळेना, समुद्राशी जुळलं. उत्तरेला ब्रॅन्सफील्ड सामुद्रधुनीचं गार पाणी आहे, तिथल्या हिमनद्या फारशा हलल्या नाहीत. दक्षिणेला खोल उबदार पाणी किनाऱ्याला येतं, तिथे जास्त. पर्यटकांची बरीचशी जहाजं उत्तरेच्या, गार पाण्याच्या बाजूला फिरतात.

दिवस ८ : नेको हार्बर

पोस्टकार्डातली जागा, जेंटू पेंग्विन, समोर हिमनदीचं तोंड. दुपारी एक तुकडा पडला. आधी आवाज, लाट नंतर. किनाऱ्यावर उभं राहू देत नाहीत ते यासाठीच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत, मीही नाही, पण का नाही ते मला सांगता येणार नाही.

दिवस ९ आणि १० : परत ड्रेक

या वेळी समुद्र तळ्यासारखा. शेवटचं व्याख्यान थ्वेट्स हिमनदीचं. आम्ही होतो तिथून ती सुमारे दोन हजार किलोमीटर पलीकडे, अॅमंडसन समुद्रात. तिथे प्रवासी जहाज सहसा जात नाही.

रुंदी १२० किलोमीटर, म्हणजे रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर जवळ येईल तेवढी. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. अख्खी गेली तर जगाचा समुद्र साधारण ६५ सेंटिमीटर चढेल. ती बसली आहे समुद्रसपाटीच्या खाली, आणि तिच्याखालची जमीन आतल्या बाजूला आणखी खोल होत जाते, कढईसारखी. नाळ वाळूवरून सुटत मागे गेली की पुढे आणखी खोल पाणी, आणखी जाड बर्फ, पाण्याला खायला आणखी भिंत. पश्चिमेचे वारे बदलले की वरचं गार पाणी बाजूला सारलं जातं आणि खालचं उबदार पाणी घळींतून जास्त आत येतं.

ब्रिटन आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ पासून मिळून तिथे काम केलं. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी गरम पाण्याच्या फवाऱ्याने सुमारे ६०० मीटर बर्फात भोक पाडलं (हे ऐकून मी वहीत दोनदा अधोरेखित केलं) आणि त्यातून आइसफिन नावाचा पेन्सिलीसारखा यंत्रमानव खाली सोडला. २०२३ मध्ये छापून आलेलं त्याचं म्हणणं असं, की बर्फाच्या पोटाचा सपाट भाग वाटला होता त्यापेक्षा हळू वितळतो आहे, कारण वितळलेल्या गोड्या पाण्याचा एक थर मध्ये पांघरुणासारखा राहतो. पण भेगा आणि पायऱ्यांसारख्या उभ्या कडा आहेत, तिथे तो थर टिकत नाही आणि बर्फ झपाट्याने जातो. हळू वितळूनही हिमनदी मागे हटतेच आहे.

अंटार्क्टिकाचे सगळे शेल्फ मिळून वर्षाला सुमारे १३०० अब्ज टन बर्फ खालून गमावतात. हिमनग तुटून जाणारा त्याहून कमी. यातलं बरंचसं पूर्वीपासून चालत आलेलं आहे, वर बर्फ पडून भरूनही निघतं. घोर आहे तो त्यापेक्षा जास्त वितळण्याचा. रात्री केबिनमध्ये मी हिशेब केला. आमचा कारखाना एक दिवसही बंद न ठेवता दिवसाला २० टन काढतो असं धरलं तर एका वर्षाच्या या वितळीला मला अठरा कोटी वर्षं लागतील. मुलगी म्हणाली, “बाबा, झोपा.”

दिवस ११ ला सकाळी उशुआया. उतरताना बाईंनी विचारलं, तुमच्या टाकीतलं पाणी किती अंशांचं असतं? मी म्हटलं, २७-२८. त्या म्हणाल्या, एकदा चार अंशांचं करून बघा.

घरी

आल्यावर तिसऱ्या दिवशी केलं. रविवारी, होड्यांची गर्दी नव्हती. लादी सोडवायच्या टाकीत दहा लाद्या फोडून टाकल्या, ढवळत बसलो, थर्मामीटर ४ वर आला. गडी बघत होते, कोणी काही बोललं नाही, शेठ फिरून आले की असं होत असावं. एक डबा आत सोडला. सुरुवातीला उलटंच झालं, डब्याच्या बाहेरूनच बर्फाची पातळ साल धरली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पत्र्यावर हात ठेवून बसलो, बोटं बधिर झाली. बाहेरची साल विरली. वरून लादी तश्शीच, कोरडी, पांढरी.

बाविसाव्या मिनिटाला आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि डबा हातात किंचित हलका लागला.